मीटर बरोबर दाखवतंय

म्हसरूळ, नाशिक
४ मे २०२५

चि. स्वराज यास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे खुशाल आहोत. तुमच्याकडे लग्नाची गडबड असेल. द्राक्षबागेची खरड छाटणी उरकली का? आत्याच्या गुडघ्यांकडे लक्ष ठेव. या धावपळीत तुझी आई बसायचं नाव घेणार नाही.

तुझी गाडी तयार आहे. न्यायला तुझा दोस्त सोमनाथ येतोय असं आत्याने सांगितलं. तू आला असतास तर समोर बसवून सगळं समजावलं असतं. पण गेली दोन वर्षं तुला माझ्या दुकानाची वाट सापडत नाही, म्हणून हा कागद चावीसोबत देतोय.

तू ठोक्यासाठी मागवलेले दोन्ही सबवूफर चांगले आहेत. फोनवर तू म्हणालास की विंचूरच्या लहानू वायरमनने सांगितलंय, सगळ्या लाल वायरी एकत्र करायच्या, सगळ्या काळ्या एकत्र करायच्या, भार जेवढा जास्त तेवढा ठोका जास्त. तसं मी केलेलं नाही. प्रत्येक स्पीकरमध्ये दोन कॉइल आहेत, दोन-दोन ओहमच्या. ओहम म्हणजे ती कॉइल विजेला किती अडवते त्याचं माप. चारही कॉइल शेजारी शेजारी जोडल्या की सगळ्या मिळून जेमतेम अर्धा ओहम अडवतात, आणि तुझा ॲम्प्लिफायर दोन ओहमच्या खाली झेपवू शकत नाही. बागेत एका मोटारीवर सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले तर मोटारीचं काय होतं ते तुला माहीत आहे. म्हणून मी एका स्पीकरच्या दोन कॉइल एकामागे एक जोडल्या, चार ओहम झाले. दुसऱ्याचंही तसंच केलं. मग ते दोन स्पीकर शेजारी शेजारी जोडले, की झाले दोन. ॲम्पला हवे तेवढेच. कितीही वाजव, जळणार नाही.

कोणाला शंका आली तर बॉक्सच्या मागच्या टर्मिनलला मीटर लावू दे. पावणेदोनच्या आसपास दिसेल, ते बरोबर आहे. वरचे दोन भोंगेही नवे टाकलेत.

एक पथ्य पाळ. स्पीकर कोरे आहेत, म्हणून बेसचं बटण मी शून्यावर ठेवलंय. हळदीच्या संध्याकाळपर्यंत त्याला हात लावू नकोस. गावाने डीजे बंद केल्यापासून सगळ्यांचे डोळे तुझ्या डिकीकडे लागलेत म्हणे. त्या दिवशी सगळ्यांसमोर बटण फिरव. मी येतोच आहे.

आत्याला नमस्कार.

तुझा,
ज्ञानेशदादा



म्हसरूळ, नाशिक
१३ मे २०२५

चि. स्वराज यास,
नव्या संसाराला आशीर्वाद.

लग्नाचे फोटो तुझ्या रूपालीवहिनीने दाखवले. निकिता छान दिसतेय, तिला आमचे आशीर्वाद सांग. आत्याने पाठवलेली बुंदी पोचली. हळदीत न जेवता निघालो आणि लग्नाला आलोच नाही, म्हणून ती रागावली आहे. तब्येत बरी नव्हती असं मी तिला कळवलं होतं. तब्येत ठणठणीत होती.

हे सगळं मी मोबाइलवर लिहून पाठवू शकलो असतो. पण तुझ्या मोबाइलमध्ये गेलेली गोष्ट पुढे कुठे कुठे जाते याचा मला चांगला अनुभव आहे. कागद फॉरवर्ड करायला थोडे तरी कष्ट पडतात.

काल आत्याचा फोन आला होता. गाडी अजून मुकीच आहे म्हणाली. लहानूने दुसरा ॲम्प लावून बघितला, तरी तेच. बिचारी मला विचारत होती की दृष्ट लागली असेल का रे. दृष्ट वगैरे काही नाही. काय आहे ते सांगतो, पण आधी हळदीचं बोलू. तू पाटावर पिवळा होऊन बसला होतास, मी मांडवाच्या कडेला उभं राहून सगळं बघत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती.

डिकी उघडली, पोरं हात वर करून तयार झाली. तू ऐटीत जाऊन बटण फिरवलंस. भोंग्यांतून नुसती चिरचिर आली. ठोका नाही. आणि खाली दोन्ही सबवूफर जीव तोडून हलत होते, सगळ्यांना दिसत होते. तू बटण पार शेवटापर्यंत नेलंस.

"हे गाणं लावलं का मच्छर सोडले रे?" मागून कोणीतरी म्हणालं. बायकांत हशा पिकला.

लहानू मीटर घेऊन धावला. त्याने टर्मिनलला टोकं लावली, काढली, परत लावली. "मीटर तर बरोबर दाखवू राहिलं," तो म्हणाला. "वायरिंगमधी काय प्रॉब्लेम नाय, स्वराजभाऊ. स्पीकर बी हालू राहिले. लय इचित्र हे."

आत्या माझ्याजवळ आली. येताना मला वळसा घालून उजवीकडे आली, ती कधी विसरत नाही. "ज्ञान्या, बघ ना रे जरा. पोराचं तोंड बघ, केवढंसं झालं."

"आत्या, मीटर बरोबर दाखवतंय," मी म्हणालो. "मी काय करणार?"

आत्या उजवीकडून का येते, ते तुला सांगायला नको. पण तुझ्या तोंडून ती गोष्ट मी कधी ऐकलेली नाही, त्यामुळे एकदा लिहूनच टाकतो.

दोन वर्षांपूर्वी तुझ्या जुन्या गाडीच्या डिकीत मी भोंगा कसत होतो. डावा कान भोंग्याला चिकटलेला. मोबाइल तुझ्या हातात, सोमनाथ शूटिंग करतोय, आणि तू आवाज पूर्ण करून गाणं लावलंस. पुढचं मला तुझ्या व्हिडिओतूनच माहीत आहे. मी दोन्ही हातांनी डोकं धरून फरशीवर लोळतोय आणि मागून तुझं हसू येतंय. वर तू लिहिलं होतंस, 'साऊंडवाल्याचाच साऊंड गेला'. सटाण्याहून गिऱ्हाईक येतं, ते माझ्या तोंडाकडे बघत राहतं आणि विचारतं, तो व्हिडिओतला तूच का?

डॉक्टर म्हणाले, नस गेली, आता काही होणार नाही. त्या कानात कुकरची शिट्टी तेवढी राहिली आहे, ती बंद होत नाही. हे तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "बरंय की दादा, वहिनीची बडबड निम्मीच ऐकू येईल." सगळे हसले. मीही हसलो, आणि त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

आमच्या चिऊला आता चौथं लागलंय. तिला कोणी शिकवलं नाही, पण काही सांगायचं असलं की ती पळत येऊन माझ्या उजव्या बाजूला उभी राहते. झोपेत मी उजव्या कुशीवर वळलो की मला घरातलं काही ऐकू येत नाही. मार्चमध्ये रूपाली माहेरी गेली होती. चिऊला ताप आला, उलट्या झाल्या, आणि ती शेजारीच पडून मला हाका मारत होती. मला ते सकाळी कळलं. पोर त्याच ओल्या चादरीवर झोपून गेली होती. "बाबा, मी खूप बोलावलं," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून तुला काय करावं हे माझ्या डोक्यात आहे.

तरीही मी गप्प होतो. पोरांची मस्करी होती, त्याला बिचाऱ्याला काय माहीत असं होईल, असं घरातले सगळे म्हणत. दोन वर्षं मीही स्वतःला तेच सांगत आलो. त्याला माहीत नव्हतं.

मग तुझी गाडी आली. बाहेरच्याकडे नको, घरच्या माणसाकडून काम करून घे, असं आत्यानेच तुला सांगितलेलं. सगळ्या लाल वायरी एकत्र कर म्हणालास तेव्हा मनात आलं, करूनच टाकावं. भर हळदीत डिकीतून धूर निघाला असता. पण जळालेली वस्तू बदलता येते, दोष लहानूच्या अकलेवर गेला असता आणि तू दुसऱ्या दिवशी नवा ॲम्प आणला असतास. शिवाय त्या गाडीत आत्याही बसते.

म्हणून सगळं बरोबर केलं. ओहम जुळवले, जाड वायर टाकली, बॉक्समध्ये मधे फळी ठोकून दोन्ही स्पीकर वेगळे केले. शेवटी फक्त डावीकडच्या स्पीकरला येणाऱ्या दोन वायरींची आतून अदलाबदल केली. लालच्या जागी काळी, काळीच्या जागी लाल. मीटरला यातलं काही कळत नाही. ते फक्त वीज किती अडते तेवढं मोजतं, आणि ती तेवढीच अडते. पण एका स्पीकरचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. एकाने ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो. दोघंही राब राब राबतात आणि ठोका तिथल्या तिथे मरतो. लहानूने एक पेन्सिल सेल लावून कोणता पडदा कुठे जातो ते पाहिलं असतं तर लगेच सापडलं असतं. त्याला ते सुचणार नाही याची मला खात्री होती.

समोर सगळं हलताना दिसतंय आणि ऐकू मात्र काही येत नाही. माझ्या डावीकडे बसून कोणी बोललं की मला ते असं दिसतं. तुला ते एक संध्याकाळ दाखवायचं, एवढाच माझा बेत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन मी गुपचूप वायरी सरळ करणार होतो. तुझी वरात वाजत गेली असती.

पण मग तू स्वतःच डिकीत शिरलास. हळदीने माखलेला, गुडघे टेकून, डोकं आत. ठोका कुठे अडकलाय ते शोधायला. तुझा मोबाइल सोमनाथकडे होता, पण त्याला स्वतःच्या मोबाइलवर शूटिंग करायचं होतं, तेव्हा त्याने तो माझ्या हातात दिला. आवाजाची पट्टी माझ्या अंगठ्याखाली आली. तुझा कान भोंग्याला लागून होता.

तू आतूनच म्हणालास, "लाव दादा. पण हळू लाव हा. कान हे माझा इथं."

माझा उजवा कान अजून चांगला आहे. तुझं ते वाक्य मी शब्द न् शब्द ऐकलं.

म्हणजे तुला माहीत आहे. माणसाचा कान तिथे असला की हळू लावायचं, हे तुला कोणी सांगावं लागलं नाही. नवरदेव असून, एवढ्या गोंधळात, ते आपसूक तुझ्या तोंडात आलं. मग ते दोन वर्षांपूर्वीही तुला माहीत होतं. मी तुझ्यासाठी सांभाळून ठेवलेली एकुलती एक सबब तू स्वतःच्या तोंडाने संपवलीस.

भोंगे मी बसवलेले, पूर्ण ताकदीचे. अंगठा नुसता सरकवायचा होता. सोमनाथ शूटिंगही करतच होता. मला ते करायचं होतं, स्वराज. हे वाचताना तुला ते नीट कळावं म्हणून परत लिहितो, मला ते करायचं होतं.

मी हळू लावलं. दया आली म्हणून नाही. कान गेलेल्या माणसाला लोक हसतात ते निम्मंच ऐकू येतं, आणि ती सवलत तुला मिळू द्यायची नव्हती. मागे पोरांनी "मुका डीजे, मुका नवरदेव" सुरू केलं, ते तू दोन्ही कानांनी ऐकलंस. तू डिकीतून बाहेर आलास तेव्हा तुझे डोळे भरले होते. मी मोबाइल सोमनाथला दिला, चिऊला उचललं आणि निघालो. सकाळी वायरी सरळ करायला आलो नाही. तुझी वरातही तशीच गेली असं कळलं, आणि त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

आता तुला सगळं कळलंय. लहानूला सांग, तो बॉक्स उघडून दोन वायरी फिरवेल. चहा पिऊन होईपर्यंत गाडी वाजायला लागेल. माझ्या कानाला असं काही करता येत नाही. हे पत्र आत्याला वाचून दाखवायचं की फाडून टाकायचं, ते तू ठरव.

आत्याला कळलं तर ती तुला धरून माझ्याकडे आणेल, माफी मागायला. जरूर ये. रूपाली चहा करेल. मी दुकानात माझ्या खुर्चीत बसलेला असेन. डाव्या बाजूला स्टूल आहे, त्यावर बस आणि जे बोलायचं असेल ते सगळं बोल. घाई करू नकोस. तुझे ओठ हलताना मी शेवटपर्यंत बघेन.

उजवीकडे येऊ नकोस. ती जागा चिऊची आहे.

ज्ञानेश