पाठ झाडायची सवय

रविवार, बीड

आज एमएमएची, म्हणजे ठोसे-लाथा अन् कुस्ती सगळं चालतं तसली, झुंज हरलो, तरी मन भरून आलंय. समोरच्यानं मानेला मिठी मारली अन् मी चिनी कुस्तीचा डाव टाकला, मोबाइलवर बघून तालमीतल्या सलीमसोबत घोटलेला. कोपर ओढलं, पाय आडवा घातला, गडी चितपट! कुस्तीसारखी ही झुंज तेवढ्यावर संपत नाही. पण आमच्या तालमीत जो पाडतो, त्यानंच पडलेल्याच्या पाठीची माती झाडायची. सवयीनं माझा हात त्याच्या पाठीकडं गेला. गादीवर माती कुठली? त्यानं तोच हात धरून पिरगाळला. मला हार मानावी लागली. एवढा कसा येडा मी?

बाहेर सलीम म्हणला, "डाव लई भारी बसला बे." उन्हाळाभर त्याच डावानं मी त्यालाच आपटलं होतं. अन् बोलता बोलता तो माझी पाठ झाडत होता. माती नव्हती, तरी.