गाडी डावीकडे जाते

९ नोव्हें., रवि.
पिकअप चार इंच उंच करून आणली त्याला महिना झाला. दिसते झकास, चालते खुळ्यासारखी. आज रिंग रोडवर ऐंशीच्या वर स्टिअरिंग थरथरायला लागलं. शिवाय डावीकडे ओढ. वंदना शेजारी, दार घट्ट धरून. घरी आल्यावर म्हणाली, "झाली ना हौस तुमची?" चावी खुंटीला लावून आंघोळीला गेलो. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर एवढं कळतं.

१२, बुध.
रजा टाकून अंबरपेठला, सलीमभाईच्या गॅरेजात. गाडीखालून बाहेर येत म्हणाला, "उप्पर उठा दिये, नीचे का जोड पुराना इच रक्खे. काँपेगी नइ तो क्या करेगी साब?" स्टिअरिंगच्या टाय रॉडची टोकं बदलली, एक रबरी बुश गेला होता तो, मग चाकांचं अलाइनमेंट. येताना थरथर नाही. डावीकडे जायचं ते जातेच.

१६, रवि.
परत अंबरपेठ. मशीनवर सगळं बरोबर. सलीमभाईनं चालवली, मी शेजारी. नाकासमोर गेली. मी घेतली, की डावीकडे. भांडलो त्याच्याशी, चार लोकांत. तो गाडीकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होता. "छोड के जाओ साब, देखताऊँ."

१९, बुध.
गाडी आणली. घरापर्यंत सरळ. भाचीच्या लग्नाला नांदेडला हीच न्यायची. बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

२३, रवि.
आज वंदनानं चालवली. बाजारापर्यंतच. "अहो, ही उजवीकडे का जातेय?" म्हटलं, तुला सवय नाही. पण ती सबंध रस्ता स्टिअरिंग डावीकडे दाबून बसली होती. दिसत होतं मला. भाजी काय घेतली, आठवत नाही.

२५, मंगळ.
सलीमभाईला फोन. आधी टोलवाटोलवी. मग, "बुरा नक्को मानो साब. गाडी तो उस दिन इच बरोबर थी. आपका सीदा हात जोर नइ लगारा. मैं आपके हात के हिसाब से बिठा दिया. आप खुश होके गए ना."
म्हणजे गाडीच उजवीकडे वाकडी केली त्यानं, माझ्यासाठी. शिवी द्यावीशी वाटली. आभारही मानावेसे वाटले. फोन ठेवून दिला.

२७, गुरु.
उजवा हात. शर्टाची बटणं हल्ली डाव्यानं लावतोय. बँकेतून सही जुळत नाही म्हणून चेक परत आला, तेव्हा पेनाला नावं ठेवली. बाबांचं असंच सुरू झालं. आधी उजवा हात, मग पाय, शेवटी तर घासही भरवावा लागायचा. वंदनानंच केलं सगळं, कधी तोंड वाकडं केलं नाही. तिच्यावर तेच दुसऱ्यांदा? सांगवत नाही. फार भीती वाटते.

५ डिसें., शुक्र.
तिला कळलंय. कधीपासून, विचारलं नाही. सकाळी एवढंच म्हणाली, "आधी गाडी नीट करून आणू. नांदेडला मी चालवीन."
दुपारी अंबरपेठ. सलीमभाई घुटमळला. "सीदी करदूँ? फिर आप कैसा चलाएँगे?" माझ्याआधी वंदनाच बोलली, "मैं चलातूँ भाई."
गाडी सरळ झाल्यावर शेजारच्या सीटवर चढताना उजव्या हाताची पकड सुटली. एवढी उंच गाडी. तिनं मागून आधार दिला. समोरचे ऑटोवाले बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
चौकात सिग्नल. ती म्हणाली, "उजवीकडे घेऊ? डॉक्टर सातपर्यंत असतात. चौकशी केलीय मी."
लाल दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू. तिनं गाडी हलवली नाही. समोर बघत परत विचारलं.
"अहो, सांगा ना."