बॉनेटवरचा अंगठा

बाबा,

मी कामावर निघाले. जेवण झाकून ठेवलंय, फक्त गरम करून घ्या.

तुमचं अर्धवट राहिलेलं हॉट रॉड गाडीचं मॉडेल मी काल रंगवून खोक्याखाली वाळत ठेवलं होतं. रंगाला ओघळ आलेत, माहीत आहे, त्यावर काही बोलू नका. सकाळी खोकं उचललं तर बॉनेटवर अंगठा उमटलेला. ओल्या रंगाला बोट लावलं की घर डोक्यावर घेणारे तुम्हीच ना? आता आईवर ढकलू नका. ठशात मधोमध ब्लेडच्या जुन्या जखमेची रेघ आहे आणि ती तुमच्या उजव्या अंगठ्यावर आहे.

दवाखान्यातून आल्यापासून तोच हात मांडीवर ठेवून बसता आणि 'हा गेला कामातून' म्हणता. कामातून गेलेला हात रंग वाळलाय का ते बघायला जात नसतो.

तो ठसा मी घासून काढणार नाही. दुपारी हाताचा व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपीच्या ताई येतील, त्यांना दाखवा. मी त्यांना काही सांगितलेलं नाही. आज तरी डोकं दुखतंय म्हणून त्यांना दारातूनच वाटेला लावू नका.

कपाटावरची मॉडेलची होडी खाली काढून तुमच्या टेबलावर ठेवलीय. धूळ पुसलीय, ब्रश धुतलेत. तिला अजून रंग लावलेला नाही, तेव्हा हवा तेवढा हात लावा.