ब्लॅकजॅकच्या टेबलावर मुलगा पाहिला

ब्रॅकनेल,
१८ मार्च १९९२

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे सध्या मनातल्या मनात). तुझं ब्लडप्रेशर आटोक्यात आहे असं धरून चालतो. नसेल तर आधी गोळी घे आणि मग पुढे वाच. भाऊजींना नमस्कार सांग, पण पत्र त्यांच्या हाती देऊ नकोस. आम्ही तिघं इकडे खुशाल आहोत, म्हणजे थंडी, पोल टॅक्स आणि मीनलचा अबोला सोडल्यास.

अबोल्याचं कारण फोनवर सांगायचा धीर झाला नाही. मीनलने स्वतःचं लग्न स्वतः ठरवलं. मुलगा आपल्यातला, हाउन्सलोचा, नाव यशोधन, वडील नाहीत, आई यमुनाबाई शाळेत शिकवतात. एवढं ऐकून मी पेढे कुठून आणायचे याचा विचार करू लागलो होतो, तेवढ्यात तिने त्याची नोकरी सांगितली. लंडनच्या एका कॅसिनोत तो पत्ते वाटतो. मी (पंचवीस वर्षं लोकांना भूल देणारा डॉक्टर, ज्याच्या आवाजानेच अर्धे पेशंट झोपतात) इतक्या जोरात "नाही" म्हणालो की शेजारच्या बाईंनी कुंपणावरून चौकशी केली. मुलाला भेटायलाही मी नकार दिला. "बाबा, न बघता नो म्हणणं इज नॉट फेअर," एवढं म्हणून मीनलने बोलणं बंद केलं ते तीन आठवडे. ताई, एकुलती एक मुलगी समोर बसून मीठसुद्धा आईमार्फत देते तेव्हा घास उतरत नाही. शेवटी ठरवलं, मुलगा बघायचा. पण गुपचूप, गिऱ्हाईक म्हणून.

इथला कायदा असा, की कॅसिनोत आधी सभासद व्हायचं आणि अर्ज केल्यावर अठ्ठेचाळीस तास थांबायचं, म्हणजे तेवढ्यात माणसाचं डोकं ठिकाणावर येतं. माझं आलं नाही. ते दोन दिवस मी लायब्ररीतलं पुस्तक उघडून ब्लॅकजॅक शिकलो. खेळ तसा सोपा आहे. आपल्या पानांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची. एकवीस ओलांडले की मेलो. राजा, राणी, गुलाम तिघंही दहाचे (इतकी समता मी हॉस्पिटलात कधी पाहिली नाही), एक्का एकचा किंवा अकराचा, आपल्या सोयीने. लढाई फक्त वाटणाऱ्याशी, आणि त्याला सतरा झाले की थांबावंच लागतं. सरावाला सौ. सुनीती वाटायला बसली. तिने पानं पुऱ्यांसारखी वाढली. मी "नको" म्हटलं की "घ्या हो, एकाने काय होतंय", आणि माझे बावीस झाले की "राहू दे ते, दुसरं घ्या". तिच्याशी मी एकदाही हरलो नाही. त्यामुळे आपण तयार झालो असा माझा समज झाला.

शनिवारी दुपारी दोनला, क्लबाचं दार उघडताच, निळा सूट घालून मी हजर. छातीवरच्या पट्टीवर नाव वाचून यशोधनच्या टेबलाशी बसलो. पहिली दोन पानं समोर पडताच मी ती झटकन उचलून छातीशी धरली. (गणपतीत जागून रमी खेळलेला माणूस दुसरं काय करणार?) तो अदबीने म्हणाला की इथे पानं उघडीच वाटतात, त्यांना हात लावायचा नसतो. पुढच्या डावात माझे बारा झाले. "कार्ड, सर?" त्याने विचारलं. मी आपला रीतीप्रमाणे "नो, थँक यू" म्हणालो आणि आग्रहाची वाट पाहत बसलो. आग्रह झाला नाही! तो सरळ शेजारच्या आजीबाईंकडे वळला. पहिलं "नको" कोणी खरं धरतं का ग? मी म्हटलं, "ॲक्च्युअली, एक चाललं असतं." तो म्हणाला, "सॉरी सर, आय कान्ट." असं चार वेळा झालं, आणि चारही वेळा मी पानावरून उपाशी उठलो.

पण हरता हरता मी मुलगा बघत होतो. त्या आजीबाईंना आपण जिंकलोय हेच कळलं नव्हतं. त्याने त्यांची बेरीज मोठ्याने सांगून पैसे त्यांच्यापुढे सरकवले. माझ्या वेंधळेपणाला तो एकदाही हसला नाही. होणाऱ्या सासऱ्यालाही (भले न ओळखता) जो नियमाबाहेर एक पान देत नाही, तो माझ्या मुलीला फसवणार नाही, असं मला आतून वाटलं. तेवढ्यात त्याची पाळी संपली. उठताना त्याने दोन्ही हात जोडले आणि माझ्याकडे पाहिलं. त्याने नमस्कार केला! मला भरून आलं. मी उभा राहिलो, "सुखी राहा" म्हणालो आणि आशीर्वादासाठी टेबलावरून त्याच्या डोक्याकडे हात नेला. (हातात काही लपवलेलं नाही हे दाखवायला वाटणारे उठताना टाळी वाजवून तळवे उघडतात, हे पुस्तकात होतं. मी तो भाग गाळला होता.) दोन दणकट माणसं माझ्या दिशेने निघाली. यशोधन लाल झाला आणि हळूच म्हणाला, "काका, हात मागे घ्या. वर कॅमेरा आहे." त्याने मला बसल्याबसल्याच ओळखलं होतं. मीनलला नाक माझंच आहे.

घरी येऊन सगळं कबूल केलं. मीनल पोट धरून हसली, मग म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्यासाठी ते सगळं शिकला?" मी हो म्हणालो आणि उगाच चष्मा पुसत बसलो. लग्नाला माझा आनंदाने होकार आहे. तुझा आशीर्वाद असावा.

तुझा,
शशी

ता. क. : होकार कळवायला मी यमुनाबाईंना फोन केला. मुलाचं तोंडभरून कौतुक करताना, शनिवारी दोन तास त्याच्या टेबलावर खेळलो, हेही सांगून बसलो. मग त्या म्हणाल्या, "माझा मुलगा तिथून पगार घेऊन येतो. तुम्ही तिथे देऊन आलात. जुगारी माणसाच्या घरी सोयरीक करायची मला भीती वाटते." ताई, त्या तुझ्याच शाळेच्या, तुझ्यामागे दोन वर्षं होत्या. तुझा भाऊ निर्व्यसनी आहे असं त्यांना तातडीने लिही. पत्ता सोबत आहे.

दुसरा ता. क. : पाच एप्रिलला, रविवारी, त्या आमच्याकडे येणार आहेत. मुलीला बघायला नाही, मुलगी त्यांना पसंत आहे. मला बघायला. सुनीती पोहे करणार आहे आणि ट्रे घेऊन बाहेर मी यायचं, असं मायलेकींनी ठरवलंय. खाली बघत यायचं की समोर, तेवढं फोन करून सांग.