पाहुन्यांपुढं ठेवलेलं चित्र

बुलढाणा,
ता. ४ डिसेंबर १९३८

चि. पंजाबराव यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. मी खुशाल, माह्यापाशी शिकनारी तुई पोरगी शरयू खुशाल, तुई मिशीबी खुशाल असन. थंडीत कानाले मफलर बांधत जाय. तसंही तुया बायकोचं, पुष्पाचं बोलनं तुले आयकू येत नाही म्हना.

तुयं कार्ड भेटलं. पाहुन्याईनं पसंत केलं की शनिवारी शरयूले न्याले येतो, शाळा बस झाली, असं लिवतं तू. त्याचं मंग पाहू. आधी गंमत आयक.

शाळेत पोरीईच्या चित्राईचं परदर्शन हाय. विषय, बाई मानसाच्या बरोबरीची. मोठ्या बाई अन्नपूर्णाबाई बाजारात भेटल्या, तवा म्या इचारलं, "बरोबरी बायाईची, अन् चित्रं निवडनारे समदे धोतरवाले काऊन?" त्याईनं मलेच निवडाले बसवलं. चवथी शिकलेली विधवा, मास्तराईच्या मधात.

घोड्यावरच्या राण्या होत्या, सिंहावरच्या देव्या होत्या. एकीनं तर इमान चालवनारी बाई काढली, पन डोक्यावरचा पदर जागचा हालला नव्हता.

शरयूच्या चित्रात बाप अन् पोरगा जेवून राह्यले, माय वाढून राह्यली. बापाच्या बाजूले एक पाट रिकामा, त्याच्यापुढं ताट वाढेल. नीळकंठ मास्तर म्हने, यात बरोबरी कुठी हाय? चित्र अर्धंच राह्यलं. पोरीले बोलावून इचारलं.

"पाट आईचा हाय," थे म्हने. "बाबा बस म्हनतीन, तवा बसन."

चित्र निवडलं. चित्रातल्या बापाले मिशी हाय बरं. कोनाची, ते मी सांगत नाही.

चौकट कराले म्या ते घरी आनलं, अन् काल तुये जळगाव जामोदचे पाहुने आले. रिवाजापरमानं पोरीच्या हातचं काम दाखवा म्हने. पुष्पानं धाडलेलं मन्याचं तोरन फडक्यातच राह्यलं, म्या चित्र पुढं ठेवलं. चुकून ठेवलं असं लिवनार होती. पन चुकून नाही ठेवलं.

पोराच्या बापानं इचारलं, पाट कोनाचा? शरयूनं मास्तराले सांगतलं तेच सांगतलं. तो चहा अर्धा ठेवून उठला. पोराची माय मंजुळाबाई मात्र चित्रापाशीच बसेल. नवऱ्यानं हाका मारल्या तवा उठली. निंगता निंगता माया कानाशी म्हने,

"पोरीले शिकू द्या बाई. आमच्या घरी नोका देऊ."

तवापासून मले मजाक सुचून नाही राह्यली.

त्याईचा नकार येईन. शिव्या मले दे, पोरीले नोको. तिले फक्त इचारलं, तिनं खरं सांगतलं.

पंजाब, तुले आठवत नसन. आपले बाबा मले शाळेतून न्याले आले, तवा तू गाडीत बसेल होता. अक्काच्या लग्नात लाडू भेटनार म्हनून टाळ्या वाजवे. तुले पाहून मीबी हासली. रडली असती तं बाबानं गाडी वळवली असती काय, हे मले अजून समजलं नाही.

शनिवारी परदर्शन पाहाले ये. पुष्पाले संगं आन. पोरीले मॅट्रिक होईस्तोर माह्यापाशी राहू दे. एवढंच मागतो तुले, आजवर काही मागतलं नाही.

वाट पाहनारी,
तुई अक्का झुंबर