दुसरी पाळी

चेरीताल, जबलपूर
११ नोव्हेंबर २०२४

सत्यभामा वहिनी यांना गुलाबरावचा सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे ठीक आहोत. थंडी लागली की कुसुमचे गुडघे दुखतात, तसे दुखून राहिले आहेत. आमच्या एकताचा नागपूरहून एक दिवसाआड फोन येतो. तिकडे शेतात मटार निघायला लागला असेल, म्हणजे तुमच्या अश्वजीतला जेवायलाही उसंत नसेल. त्याला आशीर्वाद सांगा.

तुम्ही म्हणाल, पनागर इथून असं किती दूर, महिन्यातून एकदा भाऊजी येतातच, मग पत्र काहून. गेल्या महिन्यात धम्मचक्र दिनाला आलो होतो, तेव्हा बोलायचं ठरवूनच आलो होतो. तुम्ही खीर वाढली, मी खाल्ली आणि परत आलो. तोंडानं होत नाही म्हणून लिहून राहिलो. शिवाय अश्वजीतला बोललेली मराठी समजते पण लिहिलेली नीट वाचता येत नाही, तेव्हा हे पत्र तुमच्यापाशीच राहील, असाही विचार केला. तो चांगला विचार नाही, हे मला कळतं.

आधी आनंदाची गोष्ट सांगतो. नागपूरच्या एका त्रैमासिकानं माझी कविता घेतली आहे. मराठी मंडळाच्या स्मरणिकेत दोनदा छापून आलो होतो, पण ते घरचंच. हे बाहेरचं, अनोळखी माणसांनी वाचून निवडलेलं. रिटायर झाल्यापासून मी पाठवतो आहे. इथल्या ओमती चौकातला टायपिंगवाला हिंदीचा माणूस, त्याच्या बोटांना ‘ळ’ सापडत नाही. सगळीकडे ‘ल’ ठोकतो. मी घरी येऊन पेनानं एकेक दुरुस्त करायचो, मग पाकीट, त्यात परतीचं पाकीट, त्यावर माझाच पत्ता माझ्याच अक्षरात. दोन महिन्यांनी ते पाकीट दारात पडलं की उघडायच्या आधीच समजायचं. साभार परत. एकानं लिहिलं, भाषा प्रमाण नाही. एका संपादकानं मात्र कार्डावर स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, ‘शेवटच्या दोन ओळी चांगल्या आहेत.’ ते कार्ड कुसुमनं शेजारच्या तीन घरी दाखवून आणलं. त्यांना मराठी येत नाही, तरी त्यांनी पाहिलं.

आता एकतानं मोबाईलवर टाईप करून ईमेलनं पाठवायला शिकवलं आहे. तशीच ही पाठवली. अठरा दिवसांत उत्तर आलं. मी चष्मा पुसून तीनदा वाचलं. मग कुसुमला हाक मारणार होतो, ती मारली नाही.

वहिनी, ती कविता तुमच्या बळीरामवर आहे. म्हणजे बळीरामवर आहे असं मी स्वतःला सांगत होतो. खरं तर ती माझ्यावर आहे.

तुम्हाला २००६च्या सोळा डिसेंबरची आठवण मी करून देण्याची गरज नाही. त्या दिवशी फॅक्टरीत बॉयलरवर दुसरी पाळी माझी होती. बळीराम सकाळची करून घरी जाणार होता. मी आदल्या दिवशी त्याला म्हटलं, मला ताप आहे, उद्या माझी पाळी तू कर. तो म्हणाला, झोप निवांत, दोन्ही करतो. सुपरवायझरलाही त्यानंच सांगितलं. एवढं तुम्हाला आणि सगळ्यांना माहीत आहे.

मला ताप नव्हता.

नागपूरला कविसंमेलन होतं. मी पत्रानं कविता पाठवली होती आणि त्यांनी पहिल्यांदाच बोलावलं होतं. कवितेसाठी सुट्टी मागितली असती तर सगळी फॅक्टरी हसली असती. बळीरामला खरं सांगितलं असतं तर तो हसला असता आणि तरीही गेला असता. मी त्यालाही खरं सांगितलं नाही. कुसुम तेव्हा एकताला घेऊन गोंदियाला माहेरी होती. सकाळी सिवनीवरून नागपूरला जाणाऱ्या बसमध्ये बसलो. दुपारी चार वाजून पंधरा मिनिटांची माझी वेळ होती, ती कार्यक्रमपत्रिका अजून माझ्याकडे आहे. बॉयलरचा पाइप फुटून बळीराम गेला, ती वेळ चौकशीत चार वीस लिहिली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत आलो तर गल्लीच्या तोंडाशीच कळलं. मी घरी गेलो, शाल घेतली, डोक्याला मफलर गुंडाळला आणि तुमच्याकडे आलो. तुम्ही इतक्या बायकांमधून मला म्हणालात, “भाऊजी, ताप असताना कशाला उठून आलात.” मी मफलर आणखी घट्ट केला. त्यानंतर अकरा वर्षं एक ओळ लिहिली नाही.

कवितेतल्या चार ओळी इथे लिहितो.

हजेरीत नाव माझं होतं.
टाळ्या वाजल्या तेव्हा चार वीस झाले होते.
मी मान वाकवून त्या घेतल्या.
माझा मित्र माझ्या जागी उभा होता.

पूर्ण कविता सोबत जोडली आहे. त्रैमासिकाच्या संपादकबाई विचारतात, ही घटना खरी आहे का, आणि असेल तर त्या घरच्यांना माहीत आहे का. तीस तारखेपर्यंत कळवायचं आहे. काल्पनिक आहे असं लिहून मोकळा होऊ शकलो असतो. तसा ईमेल लिहूनही ठेवला होता.

मग कुसुमला सांगितलं. तिलाही आजवर तापच माहीत होता.  तीन दिवस ती ताट वाढायची आणि आत जायची. चौथ्या दिवशी म्हणाली, “आधी सत्यभामाला सांगा. मग छापा नाहीतर फाडा, मला काही विचारू नका.”

म्हणून हे पत्र. तुम्ही नको म्हणालात तर कविता परत घेतो. तुम्ही काहीच उत्तर दिलं नाही तरी परत घेतो.

आपला,
गुलाबराव


पनागर
१९ नोव्हेंबर २०२४

भाऊजींना सत्यभामाचा जय भीम.

पत्र मिळालं. भंडाऱ्याला सातवीपर्यंत शिकले, त्यानंतर इतकं मोठं पत्र कोणी मला लिहिलं नाही. दोन दिवस वाचत होते. अक्षर चुकेल, समजून घ्या.

तुम्हाला ताप नव्हता हे मला माहीत होतं.

त्या दिवशी ते जेवायला घरी आले नाहीत, डबा गेटवर मागवला. निरोप पाठवला की गुलाबला ताप आहे, कुसुम घरी नाही, त्याला काही पातळ करून देऊन ये. मी मुगाचं वरण आणि भात घेऊन चार वाजता तुमच्या क्वार्टरवर आले. कुलूप होतं. बाजूची राधाबाई म्हणाली, भैया तो सुबह बैग लेकर निकले हैं. मी डबा घेऊन परत आले. ठेवलाच होता ओट्यावर, तेव्हा फॅक्टरीचा धोक्याचा भोंगा वाजला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही शाल घेऊन आलात. तापाचं मी मुद्दाम म्हटलं. तुमच्या तोंडाकडे पाहत होते. तुम्ही खाली पाहिलं.

मला वाटलं, काही वेगळी भानगड असेल. दुसरी बाई असेल. विचारलं तर कुसुमताईचं घर मोडेल, माझं तर मोडलंच आहे, म्हणून गप्प राहिले. अठरा वर्षं तुम्ही दिवाळीला, जयंतीला येत राहिलात, अश्वजीतची फी भरायला शाळेत गेलात, त्याला सायकल शिकवली. दरवेळी वाटायचं, आज सांगतील. कविता वाचायला गेला होतात हे वाचून मला आधी हसू आलं. मग इतका राग आला की भाजी करपली.

कविता वाचली. छापा. पण तीन गोष्टी आहेत.

एक, ‘माझा मित्र’ लिहिलं आहे. त्यांना नाव होतं. बळीराम मेश्राम लिहा, आणि ‘ळ’ नीट लिहा.

दुसरं, शेवटी तुम्ही माफी मागता. ते काढा. माफी मागायची तर माणसाकडे मागायची, पुस्तकात नाही.

तिसरं, अश्वजीतला नीट वाचता येत नाही म्हणून मराठीत लिहिलं म्हणता. तो तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याला सगळ्यांनी हेच सांगितलं आहे की पापा डबल ड्यूटी करायचे, मेहनती होते. तुम्ही या आणि त्याला सांगा. हिंदीत सांगा, म्हणजे त्याच्याकडून एकही शब्द सुटायला नको. येत्या रविवारी सकाळी मी विहारात असेन. मुद्दाम जाते आहे. माझ्यासमोर तो तुम्हाला काही बोलणार नाही.

माझ्या मनात तुमच्याबद्दल काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. कळलं की सांगेन.

सत्यभामा


चेरीताल, जबलपूर
२६ नोव्हेंबर २०२४

वहिनींना जय भीम.

रविवारी काय झालं ते अश्वजीतनं तुम्हाला सांगितलं की नाही, माहीत नाही. तो तुमच्यासारखाच, पोटात ठेवणारा. म्हणून माझ्या बाजूनं लिहितो.

सकाळी नऊला पोचलो. तो अंगणात मटारची पोती शिवत होता. मला पाहून उठला, पाया पडायला वाकला. मी त्याला थांबवलं. म्हटलं, पहले सुन ले. तो हसला, त्याला वाटलं एकताच्या लग्नाचं काही आहे. खुर्ची आणून दिली. मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा झाला असता आणि गोष्ट राहून गेली असती.

सगळं सांगितलं. पाळीचं, तापाचं, बसचं, शालीचं. घरून हिंदीतली वाक्यं पाठ करून गेलो होतो, ती एकही कामी आली नाही. तो सुतळी ओवत राहिला. माझं बोलणं संपल्यावर त्यानं विचारलं, “मतलब वो शिफ्ट पापा की नहीं थी?”

मी म्हटलं, “नहीं बेटा. मेरी थी.”

त्यानं दाभण पोत्यात खोचून ठेवला आणि बाहेर गेला. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. मला वाटलं, गेला. मी तिथंच उभा राहिलो. अर्धा तास तरी झाला असेल. निघावं की थांबावं कळेना. घर उघडं टाकून कसा निघणार, असं स्वतःला सांगत होतो. मग तो परत आला. डोळे लाल होते. गाडी स्टँडला लावून दारातच उभा राहिला.

“वो कविता सुनाइए,” तो म्हणाला. “जो उस दिन पढ़ने गए थे.”

वहिनी, मला हा प्रश्न कोणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. ती कविता नर्मदेच्या घाटावरची होती. पहिल्या चार ओळी म्हटल्या. पुढचं आठवेना. मी आठवायचा प्रयत्न करत होतो आणि तो माझ्याकडे पाहत होता. शेवटी मी खरं तेच सांगितलं, की आगे याद नहीं, और कविता अच्छी भी नहीं थी.

तो दारातून एक पाऊल पुढे आला. मला वाटलं अंगावर येईल. यावं असंही वाटलं. पण तो म्हणाला, “चाचाजी, अब कुछ दिन आप मत आइए.” आवाज चढवला नाही. चाचाजी म्हणाला, एवढं मी धरून बसलो आहे.

मी त्याच्याकडे माफी मागितली. त्यानं पोत्यातला दाभण पुन्हा हातात घेतला. मी फाटकापर्यंत आलो तेव्हा मागून म्हणाला, छपेगी तो एक कॉपी भेज दीजिएगा, मम्मी से पढ़वा लूँगा.

घरी आल्यावर कुसुमनं विचारलं, झालं का. मी म्हटलं, सांगून झालं. तिनं पाणी दिलं आणि जवळ बसली.

काल संपादकबाईंना उत्तर पाठवलं. घटना खरी आहे आणि घरच्यांना माहीत आहे. ‘माझा मित्र’च्या जागी ‘बळीराम मेश्राम’ केलं, शेवटच्या सहा ओळी काढल्या. आता कविता अचानक थांबल्यासारखी वाटते. बाईंनी आज फोन करून विचारलं, शेवट मुद्दाम असा ठेवला आहे का. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, मग जानेवारीच्या अंकात घेतो.  आनंद झाला, वहिनी. खोटं कशाला सांगू, झाला. त्याची लाजही वाटली, पण झाला.

अंक आला की पोस्टानं पाठवीन. बोलावल्याशिवाय मी येणार नाही. जयंतीलाही नाही. तुमच्या मनात काय आहे ते कळायला वेळ लागला तर लागू द्या, आणि जे कळेल ते गोड करून लिहू नका.

ज्याची ती पाळी होती, तो,
गुलाबराव