तीन अंगठ्यांची खोली

बुगुरुनी, दार-ए-सलाम
४ मार्च १९९४

ती. बेनिग्नाताईस,

शि. सा. न. वि. वि. लांबूनच तुझे पाय धरले असं समज.

पत्र लिहिण्यास कारण की माझा पुढचा एक दात गेला. घाबरू नकोस, एकच गेला. माझ्या खोलीत राहणाऱ्या किकोतीनं मक्याच्या पिठाची उगाली ढवळायच्या पळीनं मारलं. माझ्या ताटातला मासा माझा आहे एवढंच मी म्हटलं होतं. तो म्हणाला, उंदीरखाऊ न्गोनी, तुला मासा कुठला पचतोय. आधी मासा खाल्ला आणि मग पळी हाणली. त्याचा मावसभाऊ येरेमिया भिंतीला टेकून खिदळत होता. मी रक्त थुंकत म्हटलं, कुत्रेखाऊ हेहे, तुझ्या भीतीनं तर गावातली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली असतील. यावर किकोती इतका खूश झाला की त्यानं मला मिठीच मारली. त्याचा सदरा माझ्या रक्तानं भरला, आणि तो मलाच धुवायला लावला.

ताई, हेहे जमातीचे लोक म्हणजे आपले, न्गोनींचे मतानी, हे तूच शिकवलंस. थट्टेचं नातं. त्यांनी शिवी दिली तर हसायचं, वस्तू उचलून नेली तर काहीतरी देऊन सोडवून आणायची, राग धरायचा नाही. मला सगळं मान्य आहे. पण थट्टेत दात पडतो का?

मला ही खोली सोडायची आहे. मी घरमालकिणीकडं, बी तातूकडं जाऊन आलो. ती पायरीवर बसून नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली, बाळा, करार एक आणि अंगठे तीन. तिघांनी माझ्यासमोर येऊन पुन्हा अंगठा लावला की करार मोडला. एकटा पळालास तर तुझं नाव तसंच राहणार. मग त्या खोलीत उद्या काही भलतंसलतं झालं तर पोलीस तू दिलेल्या पत्त्यावर जाणार. तो पत्ता तुझा आहे, ताई. म्हणून पळालो नाही.

घरी येऊन दोघांना सांगितलं. येरेमियानं सुरी काढली, माझा अंगठा खाटेच्या लोखंडावर दाबून धरला आणि म्हणाला, एवढी घाई असेल तर तुझा अंगठा आम्हीच म्हातारीला नेऊन देतो. जरासा कापलासुद्धा. किकोतीनं त्याला मागं ओढलं, पण अंगठा लावायचं त्यानंही नाकारलं. मला म्हणाला, तुला लाकडाच्या वखारीत कायमचं काम आहे म्हणून तर म्हातारीनं आम्हा दोन उडाणटप्पूंना घरात घेतलं. तू गेलास की आम्ही रस्त्यावर.

अक्षर वाकडं आलंय, त्याला कारण अंगठा. मला शाळा कमी पडली हे कारण पुढच्या खेपेला.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा, ओस्मुंद


पेरामिहो, सोंगेया
२२ मार्च १९९४

चि. ओस्मुंदला ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तुझ्या दाजींना वाचून दाखवलं. ते दाताजवळ हसले आणि अंगठ्याजवळ उठून बाहेर गेले. मी मात्र कुठंच हसले नाही.

तरी एक विचारते. भांडण आधी तूच उकरून काढलं नव्हतंस ना? तू पाच वर्षांचा होतास तेव्हापासून मी तुझ्या मारामाऱ्या निस्तरते आहे. वखारीतलं काम तरी नीट करतोस की तिथंही मुकादमाशी लागलं आहे?

पोलिसांकडं जाऊ नकोस. मतानीनं मारलं म्हणून तक्रार केलीस तर ठाण्यातला शिपाईसुद्धा हसेल, आणि गावात कळलं तर मला पाणवठ्यावर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. किकोतीला गोडीत घे. दोन मासे आण, एक त्याला दे. तो येरेमिया मात्र मला बरा दिसत नाही. त्याच्याकडं पाठ करून झोपू नकोस.

इकडं मका चांगला आहे. तुझी भाची चालायला लागली आणि लगेच चुलीत पडता पडता वाचली. तुझ्यावर गेली आहे.

जिवाला जप.
तुझी, बेनिग्नाताई


बुगुरुनी
१० एप्रिल १९९४

ती. ताईस,

शि. सा. न. पाय धरायला वाकता येत नाही, बरगडी दुखते. उभ्यानंच गोड मानून घे.

दोन मासे आणले होते. दोन्ही त्यानंच खाल्ले. ते जाऊ दे.

आमच्या गल्लीत सध्या गाड्यांचे बाजूचे आरसे चोरीला जातात. टॅक्सीवाले पिसाळलेत. परवा चौकात एकाला धरलं. मी हातगाडीवरून फळ्या घेऊन येत होतो. चोर म्हणून ओरड झाली की इथं कुणी काही विचारत नाही, ताई. आधी दगड, मग विटा. तो हात जोडून काही सांगत होता, पण त्याचा जबडा तुटला होता, शब्द कळत नव्हते. मग कुणीतरी टायर आणला. आमच्या समोरचा शिंपी, जो मला रोज सलाम करतो, त्यानं काडी ओढली. वास अजून माझ्या नाकात आहे. नंतर कळलं की तो माणूस बहिणीकडं पाहुणा आला होता.

किकोती माझ्या शेजारीच उभा होता. घरी येऊन तो ओकला. मला वाटलं, याला माणसाची कणव आहे, आज बोलून बघावं. म्हटलं, भाऊ, मला इथं राहवत नाही, एक अंगठा लाव आणि मला सोड. तर त्यानं मला लाथ घातली. त्यातच बरगडी गेली. मी पडल्यावर वर बसला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, तुझ्या अंगठ्याच्या आईला, पुन्हा हा विषय काढलास तर खिडकीतून टाकीन. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे.

त्याच्या खाटेखाली एक गोणी असते. आईसाठी सामान आहे, इरिंगाला न्यायचंय, असं सांगतो. तिच्यावर पाय ठेवून झोपतो. काल झाडताना माझा झाडू गोणीला लागला, तर त्यानं माझं डोकं खाटेच्या दांडीवर आपटलं. आईवर एवढं प्रेम करणारा माणूस दुसऱ्याच्या भावाला असं कसं मारतो, तूच सांग.

ताई, इथून मला तिरडीवरून यायचं नाही. काहीतरी सुचव.

लोभ आहेच, पण मार फार आहे.
ओस्मुंद


पेरामिहो
२४ एप्रिल १९९४

चि. ओस्मुंद,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून हातातलं काम टाकलं.

गोडीत घे असं मी लिहिलं होतं, ते विसर. तू थट्टेचं नातं अर्धंच पाळतो आहेस. तो जे तुला करू शकतो ते तूही त्याला करू शकतोस. इथल्या दवाखान्यातल्या हेहे नर्सबाईनं परवा माझी कोंबडी उचलून नेली. मी रडत बसले नाही, गेले आणि तिची नवी छत्री घेऊन आले. ती माझ्या दारात उभी राहून मला टकली म्हैस म्हणाली, अख्खी आळी गोळा झाली, आणि शेवटी कोंबडी ठेवून छत्री सोडवून घेऊन गेली. जाताना माझ्याकडं चहा पिऊन गेली.

किकोतीला काय प्यारं आहे? ती गोणी. ती उचल. खोलीत लपवू नकोस, वखारीत नेऊन ठेव. चोरून नाही, चारचौघांत ओरडत ने, मतानीचा माल नेतो म्हणून. म्हणजे त्याला राग धरता येणार नाही. आणि सोडवायला आला की दुसरं काही मागू नकोस. बी तातूसमोर अंगठा माग, त्याचाही आणि येरेमियाचाही.

धीर धर. मी आहे.
तुझी, ताई


बुगुरुनी
२० मे १९९४

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. मी जिवंत आहे, हे आधी लिहितो.

तू लिहिलंस तसंच केलं. रविवारी दुपारी दोघं झोपले होते. गोणी ओढली, खांद्यावर टाकली, जिना उतरलो. वजनदार होती. गल्लीत येऊन मोठ्यानं ओरडलो, बघा हो, हेहेचा माल नेतोय, हिंमत असेल तर सोडवून न्या म्हणावं! लोक हसले. शिंपीसुद्धा हसला. नळाजवळ एका हातगाडीच्या खिळ्यात गोणी अडकून फाटली.

आरसे होते, ताई. गाड्यांचे. सगळ्या रस्त्यावर पसरले, आणि प्रत्येकात एकेक माणूस माझ्याकडं बघत होता.

पहिला दगड कुणी मारला ते दिसलं नाही. मग काहीच दिसलं नाही. हात डोक्यावर धरले तर हातावर गज बसला. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. मी ओरडत होतो, माझं नाही, माझं नाही. तो पाहुणाही बहुतेक हेच ओरडत असावा. रॉकेलचा वास आला.

तेवढ्यात मागून किकोतीचा आवाज. तो नुसत्या बनियनवर खाली आला होता. येरेमिया मागच्या जिन्यानं पळाला, यालाही पळता आलं असतं. हा हसत हसत गर्दीत शिरला. म्हणाला, अरे गाढवांनो, मारताय कुणाला? हा उंदीरखाऊ चोरी करेल? याला स्वतःच्या ताटातला मासा राखता येत नाही! आरसे मी काढलेत, सोडा त्याला.

सोडलं मला. त्याला धरलं. मी उठायचा प्रयत्न केला, पाय चालेना. शिंप्यानं त्याच्या तोंडावर वीट घातली. बी तातू पदर खोचून मध्ये घुसली आणि नारळाची खवणी फिरवत तिनं गर्दीतल्या दोघांची डोकी फोडली, म्हणून टायर पेटायला उशीर झाला. मग पोलिसांच्या गोळीचा बार झाला आणि गर्दी फुटली. पण तोवर त्याच्या आतलं सगळं तुटलं होतं, पाठही भाजली होती.

इस्पितळात आम्ही दोघं जमिनीवरच शेजारी शेजारी होतो. मी विचारलं, खाली का आलास रे? तो म्हणाला, मतानीला मारायचा हक्क माझा एकट्याचा आहे, ते कोण लागून गेले? मग म्हणाला, म्हातारीला बोलाव, तुझी कटकट मिटवू. बी तातू कागद आणि शाईची डबी घेऊन आली. नर्सनं त्याच्या हाताची पट्टी सोडली. त्यानं अंगठा उठवला, माझाही त्यानंच धरून उठवला, मला हात हलवता येत नव्हता. येरेमिया पोलिसांना बसस्टँडवर सापडला, त्याचा अंगठा बी तातूनं कोठडीत जाऊन घेतला. आता करार मोडला आहे. तुझ्या दारात पोलीस येणार नाहीत.

किकोती दुसऱ्या दिवशी गेला.

पुढचं लिहवत नाही. हात गळ्यात आहे, डाव्या हातानं लिहितोय.
ओस्मुंद


पेरामिहो
३ जून १९९४

चि. ओस्मुंद,

आशीर्वाद देते आहे, पण आज माझे किती चालतील माहीत नाही. ती गोणी उचल असं मीच लिहिलं. तुझे दाजी म्हणतात, तुला काय ठाऊक होतं. खरं आहे, पण त्यानं झोप येत नाही.

ऐक. अजून दार-ए-सलामला असशील तर तडक इरिंगाला निघ. त्याला पुरलं असलं तरी चाळिसाव्या दिवसाचा विधी राहिला असेल. न्गोनी माणूस मेला की हेहे येऊन त्याची टर उडवतात, आणि हेहे मेला की ते काम आपलं. रडायचं नाही. तू रडलास तर लोक म्हणतील, न्गोन्यानं त्याला फसवलं. त्याला शिव्या घाल, त्याच्या आईला हसव. हे तुलाच करावं लागेल, दुसऱ्या कुणाचा तो हक्क नाही.

मग घरी ये. खोली नाही, करार नाही, आता तुला तिथं काय ठेवलंय?
ताई


इफुंडा, इरिंगा
२९ जून १९९४

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येण्याआधीच मी वखार सोडली होती. मुकादमानं ते माझ्या मागून इथं पाठवलं. ते हाती पडलं तेव्हा चाळिसावा होऊन गेला होता.

इथं थंडी फार. त्या दिवशी थडग्याभोवती सगळे घोंगड्या गुंडाळून उभे होते. किकोतीच्या आईनं विचारलं, तो न्गोनी कोण? मी पुढं झालो. कुणी काही शिकवलं नव्हतं, तरी तोंड उघडलं तर शिवीच आली. म्हटलं, हा कुत्रेखाऊ तिघांच्या खोलीत दोघांची जागा अडवून झोपायचा. माझा मासा खायचा, माझी हाडं मोडायचा, आणि खोली सोड म्हटलं की अंगठा द्यायचा नाही. आता मिळाली रे तुला एकट्याची खोली! भाडं नाही, मालकीण नाही. मोड बघू हा करार, बघू कुणाचा अंगठा आणतोस!

कुणी हसलं नाही.  त्याची आई चालत आली आणि माझ्या थोबाडीत इतक्या जोरानं दिली की मी थडग्याच्या मातीवर पडलो. आणि मग ती हसली. पोट धरून, खाली बसून हसली. बायका हसल्या, भाऊबंद हसले, एक म्हातारा हसता हसता खोकल्यानं कासावीस झाला. मी मातीत तोंड घालून पडून राहिलो, म्हणजे माझं तोंड कुणाला दिसू नये.

उठून पाहतो तर माझी पिशवी नाही. त्याच्या आईनं उचलली होती. म्हणाली, उंदीरखाऊ, माझा मका काढून दिलास तर पिशवी सुटेल. मी म्हटलं, माझा एक हात मोडलाय. ती म्हणाली, मग दुप्पट दिवस लागतील.

सध्या किकोतीच्या खाटेवर झोपतो. म्हातारी पहाटे लाथ मारून उठवते, शिव्या देत गरम पेज वाढते, आणि वाढलेल्यातला अर्धा मासा स्वतः काढून घेते. मका अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे. मी मुद्दामच सावकाश काढतोय.

ताई, पिशवी सोडवायला येऊ नकोस.

तुझी माया आहे तशीच राहू दे, मी इथं आहे.
ओस्मुंद